जोतीराम डेंटरची इटालियन गाडी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जोतीराम डेंटरला ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड, आणि त्याच्या तोंडून लॅम्बोर्गिनीचं पुराण ऐकलं नाही असा सापडणं त्याहून अवघड. चेपलेली जीप घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला आधी इटलीला जाऊन यावं लागे, मग मडगार्डला हातोडा लागे. स्वतः जोतीरामनं इटली सोडा, बेळगावच्या पलीकडचा मुलूखही पाहिलेला नव्हता. पण दुकानात दोन काचांच्या मधे बसवलेला एक कागद होता आणि त्या कागदात त्याचा जीव होता.

हा कागद भडंगाच्या पुडीतून आलेला. एक्क्याण्णव साल. तेव्हा जोतीराम आणि धुळा यांचं दुकान एकच होतं. दोघं एकाच वस्तादाकडे पत्रा ठोकायला शिकलेले, एकाच डब्यातलं खाणारे. सांगलीच्या एसटी स्टँडबाहेर एका गाड्यावर दोघांनी दोन पुड्या घेतल्या. भडंग संपलं आणि दोघांच्याही हातात गुळगुळीत कागदावरची एकेक लाल गाडी उरली. कागदाच्या एका बाजूला गाडीचं तोंड, दारापर्यंत. कागद उलटा केला की दारापासून थेट शेपूट.

खालची इंग्रजी अक्षरं वाचून दिली नानासो सुभेदारांनी. सुभेदार मिलिटरीतून पेन्शनीवर आलेले, शेतात ऊस, घरात वर्तमानपत्र. त्यांनी चष्मा लावून जाहीर केलं की जोतीरामच्या कागदावर लिहिलंय 'लॅम्बोर्गिनी मिउरा, बॉडी बेर्तोनेची' आणि धुळाच्या कागदावर 'डिनो, बॉडी पिनिनफारिनाची'. बेर्तोने आणि पिनिनफारिना म्हणजे तिकडच्या बॉडी बांधणाऱ्या कंपन्या. दोन्ही गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं. जोतीरामच्या गाडीचा मालक आधी ट्रॅक्टर बनवायचा. धुळाच्या गाडीला मालकानं आपल्या गेलेल्या पोराचं नाव दिलं होतं. धुळानं हे ऐकलं आणि कागद सदऱ्याच्या आत छातीशी ठेवून दिला. त्याचं मन तसं हळवंच होतं.

हळवेपणा दुसऱ्या दिवशी सकाळी संपला. दोघं आपापला कागद धरून समोरासमोर उभे राहिले. डेंटर लोक गाड्या जशा तोलतात तशाच त्यांनी तोलल्या: तोंडाशी तोंड, मग शेपटीशी शेपूट.

"दिव्याला पापण्या हायत रं तुज्या गाडीच्या. नथ बी घाल की," धुळा म्हणाला.

जोतीरामनं त्याचा कागद उलटा करायला लावला. "आन तुज्या गाडीच्या पाठीवर ह्या काळ्या पट्ट्या कशाच्या? दुकानाचं शटर बसवलंय व्हय?"

"तुज्या गाडीची पाठ बघ आधी. लोंबकळतीया. बेर्तोनेला पत्रा पुरला न्हाई वाटतं."

अशी चकमक महिनाभर चालली. दोन कंपन्यांचं वैर तिकडं इटलीत किती होतं देव जाणे, इकडं मात्र बेर्तोने आणि पिनिनफारिना एका छपराखाली नांदेनात. दुकानाची वाटणी झाली. धुळानं रस्त्याच्या पलीकडं शेड घातली. हातोड्या, ऐरणी, पान्हे वाटले गेले. पुढची सात वर्षं जोतीरामनं धुळाचं नाव घेतलं नाही. घ्यायचीच वेळ आली तर तो 'समोरचा' म्हणे. मोठी माणसं इतकी खुळ्यासारखी वागू शकतात यावर माझा विश्वास बसला नसता, पण मी कुपवाडला राहिलो आहे.

अठ्ठ्याण्णव साली सुभेदारांच्या मुलाचं, शिवतेजचं लग्न ठरलं. सुभेदार जोतीरामकडं आले. "वरातीला घोडा नको. ती तुजी इटलीची गाडी पाहिजे. जुन्या रिक्षाच्या सांगाड्यावर कर. तिचं बी इंजिन मागंच असतंय."

जोतीरामला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं बावीस गेजचा पत्रा आणला, कागद समोर ठेवला आणि ठोकायला बसला. तोंड असं उतरलं की रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून बघू लागले. लांब नाक, आडवे झोपलेले दिवे, वर पापण्या. मग कागद उलटा करून त्यानं शेपूट केली. तीही झकास झाली. आणि मग दोन्ही तुकडे दारापाशी जोडायला घेतले तेव्हा ते जुळेनात. चांगला चार बोटांचा फरक. इकडची रेघ खाली, तिकडची वर.

त्यानं शेपूट पुन्हा केली. पुन्हा चार बोटं. तोंड सोडवलं, वाकवलं, बसवलं. चार बोटं ती चार बोटंच. अकरा दिवस गेले. त्याच्या धंद्यात पत्र्याचा उंचसखलपणा डोळ्यांनी बघत नाहीत. मऊ फडकं ठेवून वरून तळवा फिरवतात आणि डोळे मिटून घेतात. जोतीरामचा तळवा कधी चुकला नव्हता. आता तोच तळवा दोन्ही तुकडे बरोबर असल्याचं सांगत होता आणि गाडी जुळत नव्हती. याचा अर्थ एकच होता. लग्नाला तीन दिवस उरले असताना तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "राही, हात गेला माजा."

राहीबाईला आधी वाटलं मशीनमध्ये गेला. तिनं दोन्ही हात ओढून तपासले.

"तसं न्हाई गं. हातातलं कसब गेलं. आता सुभेदारास्नी सांगतो घोडा आणा म्हणून. आन त्या पाइपच्या कारखान्यात वॉचमनची जागा हाय, सोमवारपासनं जातो."

थट्टा करण्यासारखं यात काही नव्हतं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला आपला हात परका वाटू लागला, की त्याच्या तोंडाकडं बघवत नाही. राहीबाईनं त्या दिवशी त्याला एका शब्दानंही टोचलं नाही, यावरूनच काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिला हरणाबाई भेटली, धुळाची बायको. नवऱ्यांचं बोलणं बंद असलं तरी बायकांचं चालू होतं. पाणी काही बेर्तोने-पिनिनफारिना बघून येत नव्हतं. राहीबाईनं सगळं सांगितलं आणि पदर डोळ्याला लावला.

हरणाबाईची कळशी भरून वाहू लागली तरी ती तशीच उभी. "वैनी, चार बोटं म्हणालासा?"

"चार."

"आवं, आमच्यांनी बी गेल्या साली गणपतीच्या मंडळासाठी त्यांची गाडी केली हुती. रिक्षावरच. चारच बोटं चुकली. शेडमागं ताडपत्रीखाली पडलीया. तवापासनं फकस्त ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ठोकतात. म्हणतात, हात गेला."

राहीबाई घरी न जाता थेट दुकानात गेली, काचांतला कागद उचलला आणि रस्ता ओलांडला. "अगं, कुठं नेतीस त्यो?" म्हणत जोतीराम मागं धावला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याचा पाय त्या शेडमध्ये पडला, तोही ओरडत.

"धुळाभावजी, तुमचा कागद काढा," राहीबाई म्हणाली. "दोन माणसांचा हात एकाच जागी, एकाच मापानं जातो व्हय? कागदातच काय तरी खोट हाय."

तिनं दोन्ही कागद जमिनीवर शेजारी ठेवले. जोतीरामच्या गाडीचं तोंड वर, आणि त्याला लागून धुळाच्या गाडीची शेपूट. फाटलेल्या कडा एकमेकींत बसल्या. दाराची रेघ एका कागदावरून दुसऱ्यावर सरळ गेली. मग तिनं दोन्ही उलटे केले. तिकडंही तसंच. भडंगवाल्यानं एकच मोठं चित्र मधोमध फाडलं होतं, एका बाजूला मिउरा, दुसऱ्या बाजूला डिनो. दोघांनाही मिळालं होतं एका गाडीचं तोंड आणि दुसरीची शेपूट.

सात वर्षं दोघांनी आपल्याच गाडीच्या शेपटीला नावं ठेवली होती.

"म्हंजे ते शटर माजंच हुतं," जोतीराम म्हणाला.

"आन लोंबकळणारी पाठ माजी," धुळा म्हणाला, आणि त्याला असं हसू फुटलं की हरणाबाईला त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. जोतीराम हसला नाही. तो दोन कागदांच्या जोडावरून तळवा फिरवत राहिला. हात गेला नव्हता, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि डोळे भरून आले होते.

ताडपत्री निघाली. धुळानं वर्षापूर्वी ठोकलेली शेपूट चौघांनी उचलून रस्ता ओलांडून आणली आणि जोतीरामच्या तोंडामागं ठेवली. सांगाड्याचं माप एकच, वस्ताद एकच. फरक निघाला तो नखभर. दोन दिवस दोघांनी मिळून जोड झाळला, घासला, लाल रंग मारला. पाइपच्या कारखान्याला 'येत नाही' असा निरोप गेला.

लग्नादिवशी सकाळी सुभेदार आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "जोतीराम, लाऊडस्पीकरवर सांगायचं हाय. कुणी केली म्हणू?"

राहीबाई चहा घेऊन येत होती. ती थांबली.

"पुढचं म्या केलं," जोतीराम म्हणाला. "मागचं धुळानं." मग दुसरीकडं बघत म्हणाला, "आन सांगायचंच असंल तर ह्ये बी सांगा, दोन्हींत मागचं काम सरस हाय."

धुळा चाकापाशी वाकून एक नट आवळत होता. तो आवळतच राहिला. नट मघाशीच घट्ट बसला होता.