वर्ना पेल्कीचे सात सारथी

वर्ना पेल्कीला राजकारणातलं काही कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. पण यंदा अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्यात गव्हर्नर व्हायला निघालेल्या सातही जणांना तिने ड्रायव्हर करून टाकलं.

वय चौऱ्याहत्तर. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावच्या सभागृहात बीन्सची पंगत असते, ती तीस वर्षं हिच्याच हुकमावर चाललीय. आदल्या संध्याकाळी खड्ड्यात निखारे, निखाऱ्यांवर बीन्सचा लोखंडी हंडा, वरून माती. शनिवारी पाचला हंडा बाहेर. मी गावची कारकून. मतदारयादीपासून कुत्र्यांच्या परवान्यांपर्यंत सगळं माझ्या हातात, पण पंगतीच्या दिवशी मी वर्नाच्या हाताखाली ताटल्या विसळते.

तिचं दुखणं एकच, पूल. पलीकडच्या काठावर तिची थोरली बहीण लिओना राहते. नदी इतकी अरुंद की लिओनाने वाळत घातलेले मोजे वर्नाला खिडकीतून मोजता येतात. पण तीन वर्षांपूर्वी पूल धोक्याचा ठरला, बंद झाला, आणि आता वळसा एक्केचाळीस मैलांचा. लिओनाला नीट दिसत नाही, तिचं गाडी चालवणं सुटलं. वर्नाची गाडी गावाबाहेर गेली तर परत येईलच असं नाही. चाळीस वर्षं दर गुरुवारी पत्ते कुटणाऱ्या बहिणी आता काठावर उभ्या राहून एकमेकींना ओरडून खुशाली विचारतात. त्यांच्या गुडघ्यांची हालहवाल अख्ख्या गावाला पाठ आहे.

अशात गव्हर्नरच्या दोन्ही मुदती संपत आल्या. तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, म्हणजे खुर्ची रिकामी. खुर्चीत कोणी बसलेलं असलं की बाकीचे आमच्या गावाकडे ढुंकून बघत नाहीत. रिकामी झाली की सगळ्यांना एकदम बीन्स आवडायला लागतात. मार्चमध्ये पहिला फोन आला. उमेदवाराला पंगतीत येऊन चार लोकांशी हात मिळवायचे होते.

"ये की," वर्ना म्हणाली. "फक्त येताना माझ्या बहिणीला घेऊन ये. पलीकडेच राहते."

"पलीकडेच? मग आणतो ना, वर्नाबाई!"

बिचारा! फोन ठेवून वर्ना इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

मार्च ते सप्टेंबर, सात शनिवार, सात सारथी. एक बँकवाला, दोन आमदार, एक माजी न्यायाधीशीणबाई, सगळ्यांनी लिओनाला पुढच्या सीटवर बसवून आणलं आणि रात्री नेऊन सोडलं. पोर्टलंडच्या एका तरुण आमदाराने तर कमाल केली. त्याचा फोन पूल चालू आहे म्हणत होता.

"लिओनाबाई, फोन म्हणतोय सरळ जा."

"फोन शिकलेला असेल बाबा," लिओना म्हणाली. "जा सरळ."

तो थेट बंद पुलाच्या अडसरापर्यंत गेला. समोर, दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर, वर्ना हातात पळी घेऊन उभी. दोघी बहिणी खिदळल्या, त्याने गाडी वळवली, आणि तो पोचला तेव्हा बीन्स संपल्या होत्या. लिओनाला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. राज्यातले मोठमोठे लोक तिला दार उघडून देत होते!

सातव्या शनिवारी ॲल्डन ट्रास्क आला. जनावरांचा डॉक्टर, कोणत्याच पक्षाचा नाही. पंगत सुरू व्हायला वेळ होता म्हणून लिओनाने त्याला मागच्या खोलीत क्रिबेजला बसवलं. आमच्याकडे हा खेळ फळीवरच्या भोकांतून खुंट्या पुढे सरकवत खेळतात. पहिला डाव तो हरला. "आणखी एक," म्हणाला. दुसराही हरला. मी दोनदा सांगून आले, "डॉक्टर, ऐंशी माणसं बाहेर बसलीत." "हा शेवटचा," तो म्हणाला. तिसरा डाव हरून बाहेर आला तेव्हा लोक पाय खाऊन घरी गेले होते. पाय म्हणजे सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, वर्नाच्या हातचा, तो संपल्यावर कोण थांबतं?

वर्नाने मत दिलं ते पहिल्या शंभर दिवसांत पूल उघडू म्हणणाऱ्या बँकवाल्याला. "पुलासाठी मी सैतानालाही दिलं असतं," ती मला म्हणाली. बँकवालाच निवडून आला. आमच्या गावात ट्रास्कला पडली चार मतं, मीच मोजली.

मग फोन बंद. गरज सरो, वैद्य मरो. पंधरा दिवसांनी नव्या साहेबांच्या माणसांकडून पत्र आलं की पुलाच्या प्रश्नाचा अभ्यास करायचं ठरलं आहे. वर्नाने ते दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. मी पायची भांडी परत द्यायला गेले होते. ती खिडकीशी बसून पलीकडचा काठ बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. सात शनिवारांची चटक लावून माणसं पसार झाली होती.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर बर्फ, आणि बर्फात ट्रास्क. त्याच्या दंडाला धरून लिओना.

"तू?" वर्ना म्हणाली. "आता कशाला आलास? निवडणूक संपली."

"आज गुरुवार ना?"

वर्नाने दार अडवूनच धरलं. खोटं तिला पचत नाही. "डॉक्टर, मी तुला मत दिलं नव्हतं."

"ठाऊक आहे. ज्या चौघांनी दिलं, ते आपणहून सांगून गेलेत."

"मग एक्केचाळीस मैल कशाला हाणलेस?"

"राज्य गेलं ते गेलं, वर्नाबाई," टोपीवरचा बर्फ झटकत तो म्हणाला. "पण लागोपाठ तीन डाव? मला झोप येत नाही."

वर्ना बाजूला झाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला ती कपाटात पत्ते शोधत राहिली, पत्ते टेबलावरच असताना. लिओना चाचपडत तिच्याजवळ गेली आणि कानाला लागली, पण तिचं कुजबुजणं म्हणजे नदीपलीकडे ऐकू जाईल असं.

"अगं, रडतेस काय? पत्ते पिस. आणि काही झालं तरी त्याला जिंकू देऊ नकोस, नाहीतर यायचा बंद होईल."