पाय माझा, ब्रेक कुंदाच्या गाडीचा

आमच्या वावरात जायची वाट मसणातून होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन मी त्या वाटेनं अंधारात कितीदा एकटी आले, मला कधी काही दिसलं नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी पाणी पाजलं, पण त्यांच्या पाया पडले नाही. या ग्रुपवर लोक भुताखेतांचं जे लिहितात ते विमल, माझी शेजारीण, दुपारी मला वाचून दाखवते. निम्म्या गोष्टींवर मी म्हणते, "याले पित्त झालं असन." आता माझ्यावरच लिहायची पाळी आली... ज्याला पित्त म्हणायचं त्यानं म्हणावं.

मी चौथी शिकलेली आहे. हातानं लिहून दिलं, विमलनं मोबाईलवर उतरवलं. तिनं मध्ये आपलं एक वाक्य घातलं होतं, ते काढायला लावलं.

राहते नाचणगावला, पुलगावला लागून. घरात दोघीच — मी आणि माझी मुलगी कुंदा. कुंदा सेहेचाळीस वर्षांची आहे, सावंगीला दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथं लिहायचं कारण नाही. इतकी वर्षं ती बसनं गेली आणि बसनं आली. मागच्या वर्षी तिनं स्वतःच्या पैशानं गाडी घेतली.

मला वाटलं चार माणसं बसतील अशी असेल. नागपूरहून टेम्पोत घालून आणली, कारण कुंदाला चालवता येत नव्हती. लाल, दोनच सीट, छत कापडाचं, अंग फायबरचं. जुनी होती, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली म्हणे. गल्ली गोळा झाली. समोरचे देवरावभाऊ म्हणाले, "कुंदाबाई, बाकीची अर्धी कधी येनार हाय?"

कुंदा म्हणाली, "त्या अर्ध्यात तुमच्यासारखे लोकं बसते भाऊ, म्हून घेतलीच नाई."

उतरवताना गाडीचं मागचं चाक नालीत गेलं. चार जणांनी ती हातांनी उचलून रस्त्यावर ठेवली. एवढी हलकी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा भाऊ शंकरपटात शर्यतीचे बैल पळवायचा. पटाची छकडी अशीच असते, नुसत्या काड्यांची. मी कुंदाला म्हटलं, "हलकं वाहन पळते चांगलं, थांबत नाई."

"म्हून तं ब्रेकच आधी बदलनार हाय," ती म्हणाली.

पुलगावात शकीलचं गॅरेज आहे. त्यानं समोर डिस्क ब्रेक बसवले, टायर रुंद टाकले, स्प्रिंगा बदलल्या, जुन्या जड सीटा काढून हलक्या लावल्या. सुट्टीच्या दिवशी कुंदा तिथंच. थिएटरात डॉक्टरला कात्री देते तसा त्याला पाना द्यायची, त्यानं मागायच्या आधी. चालवायलाही त्यानंच शिकवलं, सकाळी आर्वी रोडवर. आधी आधी घरापर्यंत त्याचा आवाज यायचा — "दीदी, क्लच सोडून राह्यल्या का फेकून राह्यल्या?"

ती परत यायची तेव्हा केस उडालेले, तोंड लाल, आणि हसत. कुंदाला मी असं हसताना फार पाहिलेलं नाही. एवढंच लिहिते.

लायसन्स मिळालं. शकील म्हणाला, आता माझी गरज नाई, मावशीले बसवा बाजूले. त्या गाडीत बसायचं म्हणजे गाय दोहायला बसावं तसं खाली जावं लागतं, आणि निघायला कोणीतरी हात ओढावा लागतो. बसले.

आर्वी रोडवर एक बकरी आडवी आली. माझा उजवा पाय खाली दाबला गेला. हे सगळ्यांचंच होतं, दुसरा गाडी चालवत असला की आपण बाजूला बसून पाय दाबतो. त्यानं काही होत नसतं. पण गाडी जागच्या जागी थांबली. माझं डोकं समोर आपटता आपटता राहिलं.

मी म्हटलं, "बरा दाबला."

कुंदा आपल्या पायाकडे पाहत होती. "म्या नाई दाबला. मी पाहूनच राह्यली होती."

मग गतिरोधकावर तसंच झालं. मग एक सायकलवाला वळला तेव्हा. दरवेळी माझा पाय आधी, गाडी मागून. दोन-तीन फेऱ्यांत कुंदाच्याही ध्यानात आलं. तिनं गाडी सरळ शकीलकडे नेली. त्यानं ती वर चढवली, खालून बॅटरी मारून पाहिलं, ब्रेकचं सगळं खोलून परत लावलं.

"मावशी, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीले बाजूनं दुसरं पायडल राह्यते," तो म्हणाला. "इथं तुमच्या पायाखाली काहीच नाई. फायबर हाय, आन् त्याच्याखाली रस्ता हाय."

मी म्हटलं, बस तू, चालव, मी दाबून दाखवते. मोकळ्या रस्त्यावर मी मुद्दाम दाबला. जोरानं दाबला. गाडी आपली चालली होती. पुन्हा दाबला... काही नाही. गॅरेजपाशी परत आलो, शकील हसला. बाजूला उभी असलेली कुंदा हसली नाही.

तेव्हा मला कळलं की मी दाबला तर काही होत नाही. पाय आपल्या मनानं गेला तरच होतं. आणि तो कधी जाईल हे माझ्या हातात नाही.

मी कुंदाला सांगितलं, मी काही या गाडीत बसत नाही. तिलाही ते बरं वाटलं असावं. ती एकटी सावंगीला जाऊ लागली — पुलगाव, देवळी, मग तुळजापूर हायवेनं पुढे. मला वाटलं मिटलं. पाय घरी, गाडी तिकडे.

एका सकाळी मांजरीनं मांडणीवरून पितळी परात पाडली. मी भाजी चिरत बसले होते. माझा पाय फरशीवर दाबला गेला, टाच दुखली. मी मांजरीला शिवी दिली आणि विसरले. संध्याकाळी कुंदा आली, जेवताना म्हणाली, "आज देवळीपाशी गाडी आपोआप थांबली. मागचा ऑटोवाला काय काय बोलून गेला."

"कधी?"

"सकाळीच. काऊन?"

मी म्हटलं, काही नाही, भाकर खा.

मग एकदा कुकरची शिट्टी उडाली, तेव्हा झालं. एकदा विमलनं दारातून मोठ्यानं हाक मारली, तेव्हा झालं. त्या दिवशी कुंदा घरी आली तेव्हा तिच्या कपाळाला टेंगूळ होतं. मग मी तिला सगळं सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आई, तुले गाडी नको होती तं पहिलेच सांगायचं होतं."

"नको असती तं तोंडानं सांगतलं असतं. पायानं कायले सांगू?"

"तू त्या गाडीले भेतं, बस. मी थिएटरात रोज रक्त पाह्यतो. मले असं काई सांगू नको."

भिते, हे खरं होतं. पण ती घरून निघाली की भीती वाटू देऊ नये, असं कोणाला जमतं? चूल बंद ठेवता येते. मांजर हाकलता येतं. भीतीला कुठं हाकलायचं?

त्या दिवसापासून ती निघाली की मी खाटेवर दोन्ही पाय वर घेऊन बसू लागले. ती पोचून "पोचली" म्हणून फोन करेपर्यंत खाली उतरत नसे. चहा नाही, टीव्ही नाही. विमल येऊन म्हणायची, "काकू, अंडे उबवून राह्यल्या का?" मी म्हणायचे, बस, पण हळू बोल. तिलाही सगळं सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण ती हळू बोलायला लागली. जिला मी पूर्वी पाणी पाजलं होतं त्या अंगात येणाऱ्या बाईकडेही गेले. इतकी वेळ आली होती. ती म्हणाली, तुझा पाय कोणाला तरी लागला असेल, माफी माग. आता कोणाची मागू?

असे काही आठवडे बरे गेले. मला वाटू लागलं, पाय वर असला की चालतं.

मग तो दिवस. कुंदा निघून गेली होती, मी खाटेवर, विमल बाजूला शेंगा सोलत. मागच्या घराचं छप्पर बदलत होते. वरून टिनाचा अख्खा पत्रा सिमेंटच्या अंगणात पडला. तोफेसारखा आवाज. खाटेवरून माझा पाय खाली गेला. मी नेला नाही. तो फरशीवर दाबला गेला आणि तिथंच राहिला.

नेहमी लगेच सुटायचा. आज सुटेना. मी दोन्ही हातांनी गुडघा धरून ओढला. मग विमलनं शेंगा टाकून पिंडरी धरून ओढलं. विमल दांडगी बाई आहे, शेतात पोतं उचलते. पाय हलला नाही. दुखतही नव्हता. खांब गाडावा तसा होता. विमल एवढंच म्हणाली, "बाप्पा." पहिल्यांदा तिचं तोंड उतरलं.

फोन वाजला. कुंदा. आवाज थिएटरातला, बारीक आणि सपाट.

"आई, पाय उचल."

तोपर्यंत तिनं माझं कधी खरं मानलं नव्हतं.

"नाई उचलत वं."

"ओढ."

"विमल ओढून राह्यली. नाई उचलत."

मागून हॉर्न ऐकू येत होते. ती म्हणाली, "सालोडच्या अलीकडं उतारावर उभी हाय, रस्त्याच्या मधात. लोकं ढकलून राह्यले. आठ-दहा जनं हाय. हालत नाई."

चार माणसांनी हातांनी उचललेली गाडी.

मी म्हटलं, "तू आत हायस?"

"स्टेरिंग धरलं हाय मी."

"उतर. गाडी मरू दे."

मग एक लांब हॉर्न आला, ट्रकचा, जवळ येत येत... लोक ओरडले. मग काहीच नाही. फोन चालू होता, पण कोणी बोलत नव्हतं. विमल माझ्या पायाला धरून जमिनीवर बसली होती. मी हाक मारली नाही. मला भीती वाटत होती की मी ओरडले तर पाय आणखी खोल जाईल. आई असून मुलीला हाक मारता येत नव्हती.

मग ती बोलली. "उतरली. बाजूले उभी हाय, झाडाखाली. मी गाडीत नाई, आई."

पाय उचलला गेला. अलगद, जसा रोज उठताना उचलतो तसा.

फोनवर लोकांचा गलका ऐकू आला. नंतर कुंदानं सांगितलं — ट्रक गाडीला घासून निघून गेला, आरसा तेवढा गेला. ढकलणारे सगळे पळाले होते. आणि मग गाडी आपोआप उतारावरून सरकली, हळूहळू गेली, आणि पुढच्या बाभळीला टेकून थांबली. चावी काढून कुंदाच्या हातात होती.

रात्री जेवताना तिनं एकच विचारलं, "पाय कधी सुटला?"

"तू गाडीत नाई म्हनाली तवा."

तिनं मान हलवली आणि वरण वाढून घेतलं.

शकीलनं ब्रेक पुन्हा खोलले. सगळे नवे, सगळे चांगले. माझ्या बाजूची चटई मात्र त्यानं काढून दाखवली. टाचेच्या जागी आरपार घासलेली होती. "मावशी, तुम्ही या गाडीत कितीकदा बसल्या?" त्यानं विचारलं. पाच-सहा वेळा बसले असेन. त्यानं चटई गुंडाळून ठेवली. कुंदानं सावंगीला माझ्या पायाचा एक्स-रे फोटो काढून घेतला, शिरा तपासून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात असा पाय म्हणजे नशीब आहे.

मी सांगितलं, गाडी विकून टाक. ती नाही म्हणाली. दुसऱ्याच्या हातात गेली तर तुझा पाय थांबेल याची काय खात्री, असं तिनं विचारलं. त्या पायानं तिला त्या ट्रकच्या वाटेत उभं केलं, की पुढच्या कशापासून अडवलं, तेही मला माहीत नाही. विमल म्हणते अडवलं. विमलला तसं म्हणायला काय जातं.

आता कुंदा परत बसनं जाते. घरात भांडी पडतात, मांजर येतं, माझा पाय दाबला जातो, बस आपली चालूच राहते. एवढं मी पाहून घेतलं आहे.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे. चाकं काढून गाडी विटांवर ठेवली, बॅटरी काढून पलंगाखाली ठेवली. रविवारी कुंदा ताडपत्री अर्धी उचलते, आत बसते, गिअर टाकून पाहते, परत झाकते. मागच्या रविवारी शकील आला होता. त्यानं विचारलं, "दीदी, चालू कधी करायची मंग?"

कुंदा म्हणाली, "पाहू."

मी दारातच उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी समजले, आणि मला त्याचा राग नाही. चौऱ्याहत्तर वर्षं झाली मला, फार वाट पाहावी लागणार नाही तिला. माझ्यासोबत पायही जळेल. त्यानंतर तरी गाडी फक्त तिच्या पायानं थांबेल का, हे मला सांगता येत नाही. आणि तेव्हा "आई, पाय उचल" म्हणून फोन करायला तिला मी नसेन.