भास्कर सरांची निवड

भास्कर सरांना एखाद्याचं वादन मनापासून आवडलं की ते पोटावर हात ठेवत आणि म्हणत, "दुखलं. आज खरंच दुखलं." नवख्या माणसाला वाटे, सरांना औषध हवंय. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना मात्र ठाऊक होतं, याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नाही. दुसऱ्याचं चांगलं वाजलं की त्यांना हेवा वाटे, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. "मी जळतो बाई," ते सरळ सांगत, "पण जळायच्या लायकीचं हल्ली कोण वाजवतं?"

डहाणू रोडच्या आमच्या शाळेत सरांनी बँड उभा केला होता. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, पुढे दोन ढोल. मी तिथेच आठवीपासून क्लॅरिनेट वाजवायला शिकले. तीन वर्षांत सरांचं पोट माझ्यामुळे एकदाही दुखलं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीमुळे दोनदा दुखलं होतं. त्या दोन्ही दिवशी घरी जाऊन मी जेवले नव्हते.

२०१४ मध्ये मला तलासरीच्या शाळेत नोकरी लागली. कुणीतरी देणगी म्हणून दिलेली वाद्यं तिथे कपाटात पडून होती. बँड सुरू करायचं ठरलं तेव्हा पहिली धून कुठली घ्यावी हे विचारायला मी सरांच्या घोलवडच्या घरी गेले. वाडीत चिकूची तोड चालली होती. सर खोक्यावर बसून फळं निवडत होते. मी चार भारी भारी नावं सांगितली. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही तुझी हौस झाली. पोरांचं काय? बँडमध्ये ज्याचा दम सगळ्यात कमी, त्याला पुरेल ती धून घ्यायची. बाकीचे थांबतील त्याच्यासाठी. तो त्यांच्यामागे धावू शकत नाही."

मी ते वाक्य घेऊन तलासरीला आले आणि त्याच्यावर माझा बँड चालला.

सर अधूनमधून एस.टी.ने तालीम ऐकायला येत. येताना चिकू आणत, आल्याबरोबर विचारत, "यंदा काय बसवताय?" स्वतःच्या बँडचं मात्र काही सांगत नसत. त्यांच्या शाळेत तालमीच्या वेळी खिडक्या बंद असत, भर उन्हाळ्यातसुद्धा. "बाहेर कळलं की गंमत गेली," म्हणत. मुलं घामाने निथळत आणि सर आनंदाने हात हलवत.

२०१७ साली जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या दोन्ही शाळा होत्या. त्याआधी पाड्यावर एका लग्नाला गेले असताना बायकांचं हळदीचं गाणं माझ्या कानावर पडलं होतं. संथ, लांब श्वासाचं. ते मी बँडसाठी बसवलं. माझ्या मुलांच्या आया ते गात आल्या होत्या, त्यामुळे कुठे श्वास घ्यायचा ते मुलांना सांगावंच लागलं नाही. सर तालमीला आले, भिंतीला टेकून उभे राहिले. धून संपली तरी हलले नाहीत. मग हात पोटाकडे गेला.

"वंदना," ते म्हणाले, "फार दुखलं गं."

इतक्या वर्षांनी मिळालं होतं ते. मला नाचावंसं वाटलं. पण सरांचा चेहरा नेहमीसारखा मिश्कील नव्हता. चहा अर्धा ठेवून ते पाचची गाडी पकडायला निघाले.

पुढचं मला स्पर्धेच्या दिवशी कळलं. सरांच्या मुलांनी जूनपासून एक साधं, डौलदार संचलनगीत बसवलं होतं. तलासरीहून परतल्यावर सरांनी ते बाजूला ठेवलं आणि एका परदेशी संगीतिकेची धावती, अवघड धून मुलांच्या पुढ्यात टाकली. स्पर्धेला पंधरवडा उरला होता. "तलासरीसमोर संचलन वाजवणार का आपण?" असं म्हणाले म्हणे.

रंगमंचावर पहिल्या काही ओळी ठीक गेल्या. मग ट्रम्पेट पुढे पळाले, युफोनियम मागे राहिलं, ढोलाला कुणाच्या मागे जावं कळेना. आठवीतली हेतल क्लॅरिनेटवर एकटीच धून धरून होती. थोड्या वेळाने तिनेही वाद्य मांडीवर ठेवलं. सरांनी हात खाली केले आणि प्रेक्षकांकडे वळले. "मुलांचं काही चुकलेलं नाही," ते मोठ्याने म्हणाले. "धून मी चुकीची निवडली." आणि मुलांना घेऊन आत गेले.

आमचा दुसरा नंबर आला. त्या दिवशी त्याचा आनंद करावासा वाटला नाही.

हेतलने बँड सोडला. तिच्या मागोमाग आणखी काही मुलं यायची थांबली. एका रविवारी सरांचा मला फोन आला. "हेतलकडे जायचंय. तू चल. एकट्याला जाववत नाही."

स्टेशनजवळ तिच्या वडिलांचं कटलरीचं दुकान होतं आणि वर घर. तिची आई "बेसो ने सर, बेसो," म्हणत पाणी घेऊन आली. हेतल दारात उभी राहिली, बसली नाही.

"रागावलीस?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्ही त्या दिवशी आमच्यासाठी हात हलवत नव्हता," ती म्हणाली. "वंदना टीचरसाठी हलवत होता."

तिच्या आईने "हेतल!" म्हणून दटावलं. सर म्हणाले, "राहू द्या ताई. बरोबर बोलतेय ती." पाण्याचा पेला त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "पुढची धून तू निवड."

"मी एकटी नाही. सगळे मिळून निवडू."

"चालेल."

"तुम्हाला नाही आवडली तर?"

"मला आवडून काय झालं ते बघितलंस ना?"

मुलांनी गरबा निवडला! सरांना वरातीच्या बँडचा आणि गरब्याचा भयंकर तिटकारा. नवरात्रात ते कानात कापूस घालून झोपत. मला वाटलं, आता उडवाउडवी करतील. पण त्यांनी महिनाभर बसून प्रत्येक वाद्यासाठी त्याच्या सुरावटी लिहिल्या. क्लॅरिनेट विचारतंय आणि ट्रम्पेट उत्तर देतंय अशी सुंदर गुंफण केली. तालमीच्या वेळी खिडक्या उघड्या असत. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून ऐकत. स्नेहसंमेलनात हा गरबा वाजला तेव्हा पालक खुर्च्या सरकवून मधल्या जागेत फेर धरून नाचले. मी मागच्या रांगेत बसले होते. माझी मुलं याहून सुरेल वाजवत, पण माझ्या बँडसाठी कुणी कधी उठून नाचलं नव्हतं. टाळ्या वाजवताना माझे हात जड झाले होते.

२०१९ मध्ये सर निवृत्त झाले. दोन्ही शाळा चालवणाऱ्या संस्थेने त्यांच्या जागी मला डहाणूला बोलावून घेतलं. "तुझं नाव मीच सुचवलं," सर म्हणाले, "आणि सुचवल्यापासून मला झोप नाही. माझी पोरं आता तुझं ऐकणार."

त्यांच्या निरोप समारंभात बँड वाजवायचा होता. धून मुलांनीच निवडली, हात मी हलवणार होते. सर पहिल्या रांगेत, बरोब्बर माझ्या पाठीमागे बसले. वादन सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं, माझ्याकडे एकही मूल बघत नाहीये. हेतलसकट सगळ्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे गेले होते. मी किंचित मागे वळून पाहिलं. सरांचं बोट गुडघ्यावर ताल देत होतं, आणि अख्खा बँड त्या बोटावर चालला होता. मी लय थोडी वाढवली. एकही सूर माझ्याबरोबर आला नाही. एवढ्या लोकांसमोर मी नुसतीच हात हलवत उभी होते, आणि त्या बोटाचा मला असा हेवा वाटला की डोळे चुरचुरले.

तेवढ्यात मुलं गोंधळली. एक मात्रा सगळ्यांचीच अडखळली. मी पुन्हा मागे पाहिलं. सरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते आणि डोळे मिटून मान खाली घातली होती. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते पुसायलासुद्धा त्यांनी हात बाहेर काढला नाही.

मी समोर वळले. हेतल माझ्याकडे बघत होती. मग एकेक करून सगळे बघू लागले. मी हात उचलला.