मातीला हात

अमेरिकन फुटबॉल खेळून मी पोट भरतो, असं पुण्यात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे रग्बी का?" कारखान्यात राजीनामा द्यायला गेलो, तेव्हा सदाशिव पेठेत राहणारे आमचे साहेब कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "खेळताना हेल्मेट घालणार? अहो, आपण स्कूटरवर घालत नाही." मला हसू आलं नाही. राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा.

खरं तर मी धायरीचा कबड्डीपटू. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो आणि चढाईला आलेल्याचा घोटा धरायचो. ही पकड आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी पकडीआधी एक गोष्ट शिकवली होती. समोरचा अंगावर आला की आधी मातीला हात, मग तो हात कपाळाला, आणि मग काय ते. नव्या लीगसाठी माणसं शोधत आलेल्या अमेरिकन कोचने माझी पकड पाहिली आणि मला बचावफळीत घेतलं. उभं राहायचं ते पुन्हा रांगेच्या डाव्या टोकालाच. मला वाटलं, कोपरा तो कोपरा.

तिथेच घोटाळा झाला. या खेळात चेंडू जमिनीवर ठेवलेला असतो आणि तो हलेपर्यंत त्याच्या रेषेपलीकडे बोटसुद्धा जाऊन चालत नाही. समोरच्याशी डोळे भिडले की मी वाकायचो, हात मातीला लावायचो आणि हात रेषेच्या पलीकडे गेलेला असायचा. शिट्टी, चूक दाखवायला पंचांनी टाकलेला पिवळा रुमाल, आणि समोरच्या संघाला पाच यार्ड फुकट. कोचने आधी समजावलं, "नमस्कार करायचाय ना, रांगेत यायच्या आधी कर." मी करायचोही. पण ऐन वेळी हात पुन्हा खाली जायचाच. जित्याची खोड.

शेवटी हंगामातल्या अखेरच्या सामन्याआधी त्याने मला बाजूला घेतलं. "उद्या तुझ्यामुळे एक जरी रुमाल पडला, तर पुढचा करार नाही." आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. कारखान्यात माझ्या जागी माणूस आला होता. तिशी ओलांडलेल्या कोपरारक्षकाला कबड्डीतही कोणी विचारत नव्हतं.

घरी आबांना सांगितलं, तर त्यांचंच डोकं फिरलं.

"मातीला हात लावला म्हणून दंड? आरं, येरवड्याच्या जेलात बी लावू देत्यात!"

"आबा, नियम आहे तो. माझी रोजीरोटी आहे त्यावर."

"मग खेळ की तुझ्या नियमानं. मी काय बघायला येत न्हाय."

मीही तोंडाला येईल ते बोललो. पकड तुमची असेल, पण मैदानात मार मी खातो, असं काहीतरी. ते न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी बालेवाडीला पूर्ण सामनाभर मी उजवा हात डाव्या हाताने धरून उभा राहत होतो. रुमाल एकदाही पडला नाही, पण माझं अर्धं लक्ष हातातच होतं. दोन माणसं माझ्या बाजूने निसटली. कोच काठावरून नुसता बघत होता, आणि ते बघणं मला शिवीपेक्षा जास्त लागत होतं.

अखेरचा डाव आला. आम्ही जेमतेम पुढे होतो. त्यांना आमची गोलरेषा चार पावलांवर दिसत होती. आत घुसले तर सामना त्यांचा. रुमाल पडला, तर अंतर आणखी निम्मं होणार आणि मी घरी. समोरचा धिप्पाड गडी खाली वाकला. हेल्मेटच्या जाळीतून आमचे डोळे भिडले, आणि माझा हात सुटून खाली निघाला.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला, दोरीपाशी, पांढरी टोपी दिसली. आबा! ते सावकाश वाकले, जमिनीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. गुडघे धरून पुन्हा उभे राहिले. माझ्या वाटचा नमस्कार झाला होता. माझा हात मांडीवरच थांबला.

चेंडू हलला. चेंडू घेतलेला त्यांचा गडी माझ्याच कोपऱ्यातून आला. कोचने शिकवलेली खांद्याची धडक मला आठवलीच नाही, अंगाखाली झेपावलो आणि घोटा धरला. त्याने दोनदा लाथ मारली. मी सोडला नाही. तो पडला तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. मी आधी वळून पंचांकडे पाहिलं. रुमाल त्यांच्या कमरेलाच खोचलेला होता.

कोचने मला उचललं, पोरांनी पाठीवर थापा मारल्या. मी हेल्मेट काढून दोरीकडे धावलो. कालचं बोलणं आठवून लाज वाटत होती, आणि असा आनंद पुन्हा कधी झालेला मला आठवत नाही.

"आबा, वाकलात ते दिसलं मला."

"कोण, मी?" ते दुसरीकडेच बघत होते. "चप्पल शोधत व्हतो."

चपला त्यांच्या पायात होत्या. कपाळावर तांबडी माती होती.