मांजरीचे दिवस

परवा बोरिवलीहून नातीचा फोन आला. तिची मांजर खिडकीच्या जाळीतून निसटली आणि दुपारभर बोक्याबरोबर होती.

"आजी, एकदाच गेली गं. गाभण राहण्याचा चान्स कमी असेल ना? डॉक्टर म्हणतात, तीन आठवड्यांनी सोनोग्राफीत कळेल. मला ऑफिसच्या कामाने दोन महिने बंगळूरला जायचंय, तिला चेंबूरला मैत्रिणीकडे ठेवते."

"एकदाच तू पाहिलंस," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

घाटकोपरच्या घरी मी नवी सून होते तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोघींचे दिवस मोजले जात. माझे दिवस सासूबाई मोजायच्या, घरच्या मांजरीचे मी. गच्चीवर ती बोक्याबरोबर दिसली त्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारली आणि तिथून नऊ आठवडे मोजले. गणितात पैकीच्या पैकी, हाच माझा माहेरचा दागिना. त्याआधी आठवडाभर बाईसाहेब कुठे हिंडत होत्या, हे विचारायचं या गणितज्ञ बाईंना सुचलं नाही.

सासूबाईंना घरात मांजरीचं बाळंतपण नको होतं. "आत्ताच सोडून ये. एकदा व्याली की पिल्लं घेऊन सात घरं फिरेल, मग हाकलणं पाप."

"अजून आठ दिवस आहेत," मी ऐटीत सांगितलं. तिला कापडी पिशवीत घालून रिक्षाने साकीनाक्याला नेलं. तिथे एका वर्कशॉपवाल्याकडे मांजरांना दूध मिळायचं. पिशवी हलकी लागली. मला वाटलं, माझ्याच हातात जोर आलाय. काय ती अक्कल.

संध्याकाळी माळ्यावरून बारीक आवाज आला. गोधड्यांत तीन पिल्लं होती, डोळे मिटलेली.

दोन दिवस मी साकीनाक्याच्या गल्ल्यांतून हाका मारत फिरले. वर्कशॉपवाला म्हणाला, "ती तर तुमच्या रिक्षामागेच पळाली, ताई." पिल्लांना कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला.

माझ्यापुरता थांबला नाही. नळात हवा शिरली, पुढे माझं बाळ झोपेत कुरकुरलं, की मी आधी वर बघायची. अजून बघते. मुलाला वाटतं, आई देवाला आठवतेय. वाटू दे, फुकटचं पुण्य कोण सोडतं.

आज नातीला फोन केला. "चेंबूर रद्द. मीच राहायला येते."

"अगं, राहिलीय की नाही ते तरी कळू दे."

"नसेल तर दोघी टीव्ही बघू. असेल तर ती जिथे पिल्लं लपवेल, तिथेच मी खाली अंथरूण घालीन."

"आणि तुझे गुडघे?"

"ते मी घेऊन येतेय. तू नको काळजी करूस."

मग ती म्हणाली, "किल्ली वॉचमनकडे ठेवते."