दोन वाट्या माती

गल्लीत बातमी अशी की आमचा मामा माती खातो. शिंपीणकाकू तर मानेला झटका देऊन सांगतात, "अगं, मूठभर! वर मीठ लावून!"

साफ खोटं. मामा माती हुंगतो. सकाळी ओट्यावर दोन वाट्या मांडतो. एकीत खिंडीअलीकडची, आमच्या बाजूची काळी चिकणमाती, दुसरीत पलीकडची पांढरट, चुनखडीची. पाणी शिंपडतो, नाक खुपसतो आणि तसाच बसून राहतो. तापातून उठल्यापासून त्याला कसलाच वास येत नाही. आणि त्याचा धंदाच नाकाचा! वाइनच्या कारखान्यात तो चाखणारा. द्राक्ष दोन्हीकडे एकच. पण आमच्या उन्हात, काळ्या मातीत पिकलं की वाइन जड, गोडसर उतरते. पलीकडे रात्री गार, जमिनीत पाणी ठरत नाही, तिथली हलकी आणि आंबट. कुठली किती मिसळायची, ते मामा ठरवायचा. "सूंऽऽऽ... हं!" ही त्याची हुंगायची तऱ्हा मी हुबेहूब करते. अर्थात, त्याच्या पाठीमागे.

कारखान्यात त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पण मालकाला वास लागलाच. "उद्या जरा दोन पेले ओळखून दाखवा हं, गंमत म्हणून," असं तो म्हणे साखर पेरत बोलला.

"संपलं माझं," मामा घरी येऊन म्हणाला. "हे सोडून मला दुसरं येतं काय गं?"

"जीभ आहे ना! आंबट ती पलीकडची. लाव पैज, तू ओळखणार."

"नाही ओळखणार. हरलीस तर ते माझं सूं-हं माझ्यासमोर करायचं."

म्हणजे याला सगळं माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी मामा भर दुपारीच परतला. चपला घालूनच आत आला.

"दोन्ही सारख्याच लागल्या," म्हणाला. यंदा पलीकडच्या रात्रीही तापल्या होत्या, आंबटपणा वेलीवरच जळून गेला होता. फरक उरला होता तो वासात. त्याने डोळे मिटून एक पेला 'हा पलीकडचा' म्हणून पुढे केला. चुकला. मालकाने वाइनच्या तळघराची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली.

मातीच्या दोन्ही वाट्या मामाने एकाच कुंडीत उपड्या केल्या.

"हं, कर आता."

मी केलं.

"लांबव जरा," तो म्हणाला. "मी जास्त लांबवायचो."