खारीचा श्वास

कार्टूनमधल्या एका खारीला मी वर्षभर मराठी आवाज दिला. तिच्या पापण्या लांब होत्या, डोक्यावर गुलाबी रिबीन होती. स्वभाव असा काही नव्हताच. मित्र खड्ड्यात पडले की तिने किंचाळायचं, वर आले की टाळ्या पिटायच्या.

एका भागात ती फांदीवर एकटीच बसून दूर बघत होती. वाक्य नव्हतं. मी दिग्दर्शकांना विचारलं, "इथे ही कसला विचार करतेय?"

ते हसले. "कसलाच नाही हो ताई. पुढचं दृश्य येईपर्यंत बसवलंय तिला."

तरी मी माइकजवळ जाऊन एक संथ श्वास सोडला. त्यांनी तो राहू दिला. इतकं बोलले मी तिच्यासाठी, पण ती खरंच कुणीतरी आहे असं मला वाटलं ते त्या एका श्वासापुरतंच.